भानुमतीची वासाची वही

भानुमतीच्या नाकाची वस्तीत ख्याती होती. तीन घरं सोडून कुणी लोणी कढवायला ठेवलं असलं, तरी ती आपल्या अंगणातून हाक मारून सांगायची की आता उतरवा, नाहीतर लागेल. कुणाचं मूल कुरकुरत असलं की त्याला नुसतं जवळ घ्यायची आणि कपाळाला हात न लावता सांगायची, याला ताप भरणार आहे. बायका हसायच्या, पण संध्याकाळी ताप भरलेला असायचा.

तिचा नवरा नीलकंठराव संरक्षण खात्याच्या कारखान्यात सुतारखात्यात होता. दारूगोळा ठेवायच्या लाकडी पेट्या तिथे बनत. त्याचं नाक म्हणजे नावालाच. सकाळ-संध्याकाळ तपकीर ओढून त्याने ते कधीच निकामी करून टाकलं होतं. भानुमती गमतीने म्हणायची, आमच्या घरात दोघांत मिळून एकच नाक आहे.

अठ्ठावन्न साली त्यांना क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणाच्या भिंतीपलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे मटाराची शेतं. थंडीत मटार फुलावर आला की पहाटे अंगणात एक कोवळा, ओलसर वास यायचा. शहराच्या जुन्या गढा भागातल्या दाट वस्तीत वाढलेल्या भानुमतीला त्या वासाचं फार अप्रूप होतं. लेक विनीता तेव्हा नऊ वर्षांची. दोघी मायलेकी भिंतीशी उभ्या राहून नुसता वास घ्यायच्या.

बासष्टची लढाई झाली आणि दुसऱ्याच वर्षी ती शेतं विकली गेली. तिथे एका खासगी मालकाचा सरसाचा कारखाना उभा राहिला. ट्रक भरभरून हाडं आणि खुरं येत, मोठ्या हौदांत उकळत, आणि त्यातून लाकूड जोडायचा सरस तयार होई. वस्तीने त्याचं नाव ठेवलं हड्डी मिल. हौद उकळायला लागले की जो वास सुटे, तो सांगायला शब्द पुरत नसत. मेलेलं काही आणि जळलेलं काही, दोन्ही एकत्र, आणि वर एक गोडसर चिकटपणा, जो घशाखाली उतरून तिथेच बसायचा. वाळत घातलेल्या कपड्यांत तो शिरायचा, पापड-कुरडयांत शिरायचा, पाण्याच्या माठातसुद्धा शिरायचा. विनीता शाळेत जाऊन बसली की पलीकडच्या बाकावरची मुलगी नाकाला रुमाल लावायची. विनीताने ते घरी कधी सांगितलं नाही. पण एकदा ती धुतलेली वेणी पुन्हा पुन्हा हुंगताना दिसली, तेव्हा भानुमतीला न सांगता कळलं.

मिशनच्या शाळेत आठवीपर्यंत शिकताना नन्सनी भानुमतीला एक सवय लावली होती. दिवसाची नोंद दिवसा करायची आणि जे नाही ते लिहायचं नाही. तिने विनीताची एक कोरी वही घेतली, तिच्यावर रेघा मारल्या आणि लिहायला सुरुवात केली: तारीख, वार, वास किती वाजता सुरू झाला, किती वाजता गेला, वारा कुठून होता. वस्तीतल्या लोकांनी पासष्ट साली नगरपालिकेत अर्ज दिला, तेव्हा शेजारचे पुंडलिकराव तीच वही काखोटीला मारून गेले होते. साहेबांनी वही चाळली, शाबासकी दिली आणि म्हणाले, अभी लड़ाई का समय है, बाद में देखेंगे. पेट्यांना सरस लागतो, पेट्या फौजेला लागतात, हे तर खरंच होतं. नीलकंठराव स्वतः त्याच सरसाने फळ्या जोडत होता. तो गप्प बसला. लढाई संपली आणि अर्जही कुठल्यातरी फायलीत संपला.

वही मात्र चालू राहिली. विनीताचं लग्न सत्तर साली नागपूरला झालं, तोवर पाच वह्या भरल्या होत्या. जावई चंद्रशेखर वीजमंडळात होते, माणसं चांगली होती. सासरी जाताना विनीता आईच्या गळ्यात पडून रडली आणि डोळे पुसता पुसता म्हणाली, "आई, इथला वास मात्र मी मुळीच आठवणार नाही." दोघी रडता रडता हसल्या.

एक्काहत्तरच्या वैशाखात विनीताला दिवस गेल्याचं पत्र आलं. त्या दिवसापासून भानुमतीच्या मनात दुसरं काही उरलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. तिची एकुलती एक लेक, आणि तिच्या हातून होणारं हे एकच बाळंतपण. तिने डिंक आणला, अळीव निवडून ठेवले, जुनी मऊ लुगडी फाडून दुपट्यांच्या घड्या केल्या. बाळाच्या टाळूवर तेल घालून झाल्यावर तिथे जो वास येतो, दुधाचा, वेखंडाचा आणि आणखी कशाचा तरी, तो तिला विनीताच्या वेळेपासून आठवत होता. बावीस वर्षं झाली होती. कधी कधी काम करता करता तिचा हात थांबायचा आणि ती तो वास नुसता मनात आणून बघायची.

पण सासरी कुरकुर होती. नणंदेने स्पष्टच म्हटलं होतं की हाडं उकळतात त्या नाल्याकाठी बाळंतपण करायचं असेल तर इथे काय वाईट आहे. विनीताने आईला लिहिलं की तू खरं काय ते कळव, तू लिहिशील त्यावर मी त्यांना सांगेन.

भानुमतीने वही उघडली. श्रावणापासून ती एक नवलाची गोष्ट बघत होती. आधी वास यायचा आणि जायचा. सकाळी दहाला सुरू, दुपारी तीनला बंद, असं काहीतरी असायचंच. त्या वर्षी पावसाळ्यात मात्र तो आलाच नव्हता. तिने खात्री म्हणून शेजारच्या नर्मदाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हो बाई, बरेच दिवस झाले नाही आला. पुंडलिकरावांना विचारलं, तेही म्हणाले, मालकाने काही नवं यंत्र बसवलं असेल. धुरांड्यातून धूर निघत होता, रात्रंदिवस निघत होता, पण वास नव्हता. भानुमतीने एका कागदावर त्रेचाळीस दिवसांच्या नोंदी उतरवून काढल्या. प्रत्येक तारखेपुढे दोनच शब्द: वास नाही. खाली लिहिलं, ये. आणि पाकीट टाकलं.

त्या कागदावर नागपूरकरांनी विश्वास ठेवला. विनीताने त्यांना सांगितलं होतं की माझी आई तोंडाने एखादवेळी काही बोलेल, पण वहीत खोटं लिहिणार नाही.

दसऱ्यानंतर चारच दिवसांनी विनीता आली. गोंदियाला गाडी बदलून, छोट्या गाडीत रात्रभर हलत-डुलत. सातवा सरत आला होता. नीलकंठराव स्टेशनवर टांगा घेऊन गेला होता. भानुमती दारात ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभी होती. टांगा नाल्यावरच्या पुलियापाशी आला आणि आतून काहीतरी गडबड झाली. विनीता पदर तोंडावर दाबून खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला वाकली. नीलकंठराव तिच्या पाठीवर हात फिरवत उभा राहिला. भानुमतीला वाटलं, प्रवास झाला आहे, पोटात काही नसेल.

घरात आल्यावर विनीताने एक घोट पाणी घेतलं आणि तेही बाहेर आलं. तिने सगळ्या खिडक्यांकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. तिचा आवाज अगदी हळू होता.

"आई, तू वहीत खोटं लिहिलंस?"

भानुमतीला प्रश्न कळलाच नाही. तिने विचारलं, "काय खोटं?"

"हा वास. आधीपेक्षा दुप्पट आहे. मला श्वास घेता येत नाही आहे, आणि तू लिहितेस नाही म्हणून. मी यावं म्हणूनच ना?"

भानुमतीने दीर्घ श्वास घेतला. काही नव्हतं. ती अंगणात गेली, भिंतीशी उभी राहिली, पुन्हा श्वास घेतला. काही नव्हतं. आत येऊन तिने शपथ घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात विनीताने नागपूरहून आणलेल्या करंडीतून एक संत्रं काढलं, सोललं आणि साल आईच्या नाकाशी दाबून चुरगळली. सालीचे तुषार भानुमतीच्या डोळ्यांत गेले आणि डोळे चुरचुरले.

"कसला वास येतो?"

भानुमतीने डोळे पुसले. ती स्वयंपाकघरात गेली. हिंगाचा डबा उघडून नाकाशी धरला. मग मसाल्याचा. मग देवापुढचा कापूर. कापराने नाकात थोडं थंड लागलं, एवढंच. ती डबे एकामागून एक उघडत गेली आणि उघडेच ठेवत गेली. हिंग ती चिमटीच्या सवयीने टाकत होती, तूप ती रंग बघून उतरवत होती, आणि जेवणारा नवरा तपकीर ओढणारा. सांगणार कोण?

नीलकंठराव दारात उभा होता. मग तोच म्हणाला की जूनपासून हड्डी मिल तिन्ही पाळ्यांत चालते आहे. फौजेच्या पेट्यांची मागणी वाढली, तसा सरसही वाढला. हौद आता थंड होतच नाहीत. हे ऐकलं आणि भानुमतीला सगळं समजलं. वास येत-जात होता तोवर नाकाला तो कळत होता. तो कायमचा राहायला आला आणि नाकाने हात टेकले. तिच्या, नर्मदाबाईंच्या, पुंडलिकरावांच्या, सगळ्या वस्तीच्या. तिने खोटं लिहिलं नव्हतं. तिने जे नव्हतं ते नाही म्हणून लिहिलं होतं, फक्त नव्हतं ते तिचं नाक होतं.

विनीताने आईला जवळ घेतलं, माफी मागितली. पण माफीने वास जात नव्हता. दोन दिवसांत तिच्या पोटात भात टिकला नाही. चंद्रशेखरांना तार गेली. रविवारी येऊन घेऊन जातो, असं त्यांचं उत्तर आलं. गाड्या फौजेच्या माणसांनी भरलेल्या, आठवा लागू घातलेला, पुन्हा तोच छोट्या गाडीचा प्रवास. भानुमती चुलीपुढे बसून होती. नीलकंठराव तिच्यामागे येऊन उभा राहिला.

"काहून अशी बसून राहिली? पोरगी जाईन म्हणून?"

"माहेर द्यायला निघाले होते तिला. माहेरात श्वास घेता येत नाही."

त्याने जरा वेळ तपकिरीची डबी हातात फिरवली, उघडली नाही. म्हणाला, "माहेर म्हणजे का या भिंती आहेत? तू जिथं बसशील तिथं तिचं माहेर. तुझं गढ्यात कोणी नाही का उरलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भानुमती रिक्षाने गढ्याला गेली. तिच्या वडिलांचं घर केव्हाच विकलं गेलं होतं, पण त्याच गल्लीत मीराकाकू होत्या. वडिलांच्या मित्राच्या पत्नी, एकट्या, पंचाहत्तरीच्या. भानुमतीने कधी कुणापुढे हात पसरला नव्हता. ती उंबऱ्यावर उभी राहून एका दमात सगळं बोलली. नाकाचंसुद्धा. मीराकाकूंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अच्छा, म्हणजे तू आता भाजीत हिंग टाकला की नाही ते मला विचारशील. लहानपणी माझ्या घरात येऊन माझं वरण लागलं म्हणून सांगत होती, आठवतं? चलो, मागची खोली झाडून घे." 

रविवारी चंद्रशेखर आले ते गढ्यालाच. मागची खोली सारवलेली होती, खिडकीबाहेर कडुलिंब होता. विनीता भात खात होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, खोलीकडे बघितलं आणि परतीचं तिकीट एकट्याचंच काढलं.

नीलकंठराव वस्तीतच राहिला. पाळ्या दुप्पट झाल्या होत्या, रजा बंद होत्या. तो हाताने भात-पिठलं करून खाई आणि दोन दिवसांआड सायकलवरून गढ्याला येई. सरसाचा वास त्याच्या कपड्यांत, केसांत, नखांत बसलेला. पहिल्याच खेपेला विनीताचा चेहरा बदललेला त्याने पाहिला. त्यानंतर तो आत आला नाही. बाहेरच्या ओट्यावर बसायचा, तिथूनच विचारपूस करायचा, दूध-भाजीची पिशवी कोनाड्यात ठेवायचा आणि जायचा. भानुमती दारात उभी राहून तो गल्लीच्या वळणाला लागेपर्यंत बघायची. चोवीस वर्षांच्या संसारात ती त्याला सोडून इतके दिवस कधी राहिली नव्हती. त्याच्या सदऱ्याचा वास कसा असे, हे तिला आठवत नव्हतं, आणि आता समोर असूनही येत नव्हता.

दिवाळी तिथेच झाली. डिसेंबरच्या तीन तारखेला लढाई पेटली. खिडक्यांना काळे कागद लागले. सहा तारखेला, सोमवारी, सकाळी नऊच्या सुमारास विनीताला मुलगी झाली. सुईणीने न्हाऊ-माखू घातलं, दुपट्यात गुंडाळून आजीच्या हातात दिलं. भानुमतीने खाली वाकून टाळूला नाक लावलं. ऊब लागली. मऊ जावळ लागलं. बाकी काही नाही. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. मीराकाकूंना वाटलं मुका घेते आहे, विनीताला मात्र कळलं. ती उशीवरून म्हणाली, "मी सांगू? दुधासारखा आहे. पण दूध नाही. ऊन पडलेल्या सुती कपड्यासारखा थोडा."

भानुमती हसली. म्हणाली, तुझाही असाच होता.

संध्याकाळी नीलकंठराव आला. त्याने गल्लीच्या नळावर अंग घासून घासून धुतलं होतं, डिसेंबरच्या थंडीत, आणि नवं धोतर नेसला होता. तरी तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. भानुमतीने नात दारापर्यंत नेली. त्याने हात मागे बांधून ठेवले आणि नुसतं वाकून पाहिलं. म्हणाला, हिला तुझं नाक आहे.

पुढे रोजचं सुरू झालं. सकाळी तेल, गरम पाणी, मग शेगडीवर ओवा, बाळंतशोपा आणि वेखंडाची धुरी. भानुमती हातांनी सगळं करत होती, अंदाजाने. लढाई थांबल्याची बातमी रेडिओवर आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी बारसं झालं. नागपूरहून आलेल्या आत्याने, म्हणजे विनीताच्या त्याच नणंदेने, कानात नाव सांगितलं: ज्योती. तिच्या तोंडून हड्डी मिलचं नाव निघालं नाही, उलट डिंकाचे लाडू तिने दोनदा मागून घेतले.

बारशानंतरच्या आठवड्यात एका सकाळी भानुमती स्टोव्ह पेटवायला बसली आणि एकदम मागे सरली. रॉकेल. तिला रॉकेलचा वास आला होता. घाणेरडा, डोक्यात जाणारा, खराखुरा. तिने हात हुंगला, बाटलीचं बूच हुंगलं. मग ती उठून कोनाड्यातल्या पिशवीपाशी गेली, कोथिंबीर नाकाशी धरली. पुसटसं काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी थोडं अधिक. तिने कुणाला सांगितलं नाही. वर्षाच्या अखेरच्या दिवशी तेल घालून झाल्यावर तिने ज्योतीला उचललं, टाळूला नाक लावलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. विनीताने हाक मारली तरी ती वळली नाही.

सव्वा महिना झाला. जानेवारीच्या शेवटी चंद्रशेखर आले आणि विनीता, ज्योती नागपूरला गेल्या. जाताना विनीताने बाळाचं एक टोपरं आईच्या हातात दिलं, न धुतलेलं. भानुमतीने ते पत्र्याच्या डब्यात घातलं, झाकण घट्ट बसवलं आणि मीराकाकूंच्या पाया पडून टांग्यात बसली.

पुलियापाशी वास आला. इतका, की टांगेवाल्याने घोड्याला थांबवायच्या आत तिला उमासा आला. विनीता जिथे वाकली होती तिथेच ती वाकली. नीलकंठरावाने घर झाडून-पुसून लख्ख केलं होतं, चूल सारवली होती, दारात तो वाट बघत उभा होता. घरात पाऊल टाकताच तिने तोंडाला पदर लावला आणि मग त्याच्याकडे बघून सोडून दिला. त्याच्या अंगाला तोच वास होता. चार महिने याच वासात हा माणूस एकटा जेवला, एकटा झोपला. त्या रात्री तिने वहीत लिहिलं: वास आहे. फार आहे.

पंधरा दिवसांनी लिहिलं: वास आहे. त्यानंतर एके दिवशी लिहिता लिहिता तिचा हात थबकला, कारण लिहायचं होतं ते होतं "कमी". धुरांड्याकडे बघितलं, धूर तसाच होता. लढाई संपली, मागणी संपली नव्हती. तिने "कमी" लिहिलं नाही. पट्टी घेतली, वहीत आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं, बाहेरचा माणूस. तेव्हापासून वस्तीत जो कुणी नवखा येई, पोस्टमन, बांगडीवाली, कुणाचा पाहुणा, त्याला ती दारात थांबवून पाणी द्यायची आणि विचारायची, भैया, यहाँ कुछ बास आ रही है क्या? बांगडीवाली एकदा म्हणाली, बाईजी, बास तो ऐसी है कि भगवान बचाए, आप लोग रहते कैसे हो. भानुमतीने ते तसंच्या तसं उतरवलं. दर पंधरा दिवसांनी ती गढ्याला मीराकाकूंकडे दोन रात्री राहून यायची, नाक धुऊन आणायला, असं म्हणायची. परत आल्यावर आधी पत्र्याचा डबा उघडायची, मग लगेच बंद करायची. वास खर्च होऊ नये म्हणून.

चैत्रात विनीताचं पत्र आलं. ज्योती आता पालथी पडते, आजीच्या आवाजासाठी मान वळवते असं वाटतं. उन्हाळ्यात महिनाभर येऊ का? तिथे कसं आहे ते कळव. तू लिहिशील तसं करू.

भानुमतीने पत्र दोनदा वाचलं. मीराकाकूंपुढे महिनाभरासाठी पुन्हा हात पसरावा, असं तिला वाटेना. कोपऱ्यात नातीसाठी शिवलेली झबली घडी घालून ठेवली होती, पाळण्याला टांगायचं कापडी चिमण्यांचं चिमणाळंही करून झालं होतं. नीलकंठराव ओट्यावर बसून तपकिरीची डबी उघडत होता. तो म्हणाला, "लिहून टाक, ये म्हणून. महिनाभर काय होते? मी बघतो काहीतरी."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि वही उघडून बसली. तिच्या स्वतःच्या रकान्यात गेले नऊ दिवस काही नव्हतं. बाहेरच्या माणसाच्या रकान्यात प्रत्येक दिवशी होतं. तिने तेच नऊ दिवस एका कागदावर उतरवले, माणसांच्या नावांसह. खाली लिहिलं: वास आहे. बाळाला घेऊन येऊ नकोस. यांना पुढे रजा मिळाली तर मीच चार दिवस येईन.

पाकीट बंद करायच्या आधी तिने पत्र्याचा डबा उघडला, टोपऱ्यात नाक खुपसलं आणि बराच वेळ तशीच राहिली. मग पत्र पुन्हा उलगडलं आणि कडेला, जागा उरली होती तिथे, बारीक अक्षरात एक ओळ घातली: ज्योतीच्या टाळूला तो वास अजून येतो का, ते मात्र नक्की लिहून कळव.